जिवंत प्राणी धरायचे नाहीत

माझे साडू बँकेतून निवृत्त झाले ते मोजण्याची सवय बरोबर घेऊनच. ३४ वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस एकदम मोकळा झाला की बोटांना काहीतरी चाळा लागतो. काही जण जपमाळ घेतात. आमच्या नानांनी दगड घेतले. आधी पुण्यातल्या देवळांच्या उंबऱ्यांवरची कीर्तिमुखं मोजून झाली. मग गडकिल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ सुरू झाले. कुठल्या शरभाने किती हत्ती धरलेत, पंजात किती, शेपटीत किती, असा तक्ता वहीत मांडला गेला. बेरीज जुळेना म्हणून एका गडावर ते दुसऱ्यांदा चढून आले आणि फरक एका हत्तीचा निघाला.

दिवाळीनंतर काशीला जायचं आमच्या दोघांच्या बायकांनी ठरवलं. त्या सख्ख्या बहिणी असल्यामुळे आमच्या घरांत बहुमत कायम तिकडेच असतं. त्यांच्या यादीत गंगास्नान, अभिषेक, अन्नपूर्णा, काळभैरव आणि बनारसी साडी असा क्रम होता. शेवटच्या कलमाला सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवलेला. नानांनी शाळेला सुटी म्हणून नातीला बरोबर घेतलं. वय वर्षे आठ. ती नानांना ‘आबा’ म्हणते आणि मला ‘छोटे आबा’. वयाने मी नानांपेक्षा फक्त दीड वर्षाने लहान आहे, पण साडूपणात धाकटेपणा जन्मभर पुरतो.

ज्ञानगंगा एक्स्प्रेस सुटून दौंड यायच्या आत नानांनी वही काढली. काशी पायी बघायची आणि बघायची ती दगडातले प्राणी शोधत. सिंहाला एक गुण, हत्तीला दोन, माशाला तीन, कीर्तिमुखाला पाच आणि मकराला दहा. नंदी धरायचा नाही, कारण काशीत नंदी मोजायचे म्हणजे पुण्यात अमृततुल्य मोजण्यासारखं. रंगवलेले धरायचे नाहीत. आणि जिवंत प्राणी तर अजिबात धरायचे नाहीत.

‘‘शेवटचा नियम कशाला?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही काहीही कराल,’’ नाना म्हणाले.

आमचा मुक्काम दुर्गा घाटाच्या वरच्या गल्लीत, एका मराठी गुरुजींच्या जुन्या घरात होता. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा हा काशीतला आपला जुना मुलूख. घराघरांतून मराठी ऐकू येते, पण ती काशीला येऊन दोन-तीनशे वर्षं राहिलेली मराठी असते. गुरुजी पहाटे दार वाजवून म्हणाले, ‘‘पाणी गरम होऊन गेलं आहे, आपण लोक नाहून घ्या, मग नाश्ता लावतो.’’ बायको कुजबुजली, ‘‘किती गोड बोलतात.’’ मी पुण्यात ‘आपण लोक’ म्हणालो तर तिला ते गोड वाटेल का, हे विचारायचं मी टाळलं.

शोधाचा आरंभ रोज बाळाजी घाटावरून करायचा असं नानांनी ठरवलं. पंचगंगेला लागूनच हा घाट. खाली गंगा, वर भिंतीसारख्या चढत गेलेल्या पायऱ्या आणि त्यांच्या टोकाला बालाजीचं देऊळ. नानांनी घाटावर पाय ठेवला आणि छाती किंचित पुढे काढली. मराठी माणूस काशीत आला की चौथ्या पायरीला त्याच्या अंगात पेशवे येतात.

‘‘हा आपला घाट,’’ नाना म्हणाले. ‘‘बाळाजी बाजीरावांनी बांधला. १७३५.’’

आता १७३५ साली बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, हे चौदा वर्षांचे होते. गादीवर बाजीराव होते. मी हे सांगायला नको होतं. नाना दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘मुलाच्या नावाने बापाने बांधला असेल. आपण नाही का फ्लॅट घेत?’’ गुरुजींचा पक्ष तिसराच होता. घाटाचं नाव पेशव्यांवरून नाहीच, वर देव बसलाय त्याच्यावरून, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजूंना आपापला बाळाजी सोडवेना.

त्या सालातली माझ्या आवडीची गोष्ट वेगळी आहे. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या त्या १७३५ मध्येच. वाटेत उदेपूर आणि जयपूरच्या दरबारांनी त्यांचा मोठा पाहुणचार केला. मुलगा ज्या मुलखात चौथाईसाठी घोडी दामटत होता, त्याच मुलखातून आई सन्मानाने गंगेला गेली आणि पुढच्या वर्षी सुखरूप परत आली. हे मी आमच्या बायकांना सांगितलं. मेहुणीने विचारलं, ‘‘त्यांच्याबरोबर कोणी दगड मोजायला होतं का?’’

पहिल्या दिवशी आम्ही तासभर बाळाजी घाट पालथा घातला. पावसाळ्यातला पूर नुकताच ओसरलेला. खालच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ आणि दोन पोरं मोठ्या पाइपने पाणी मारून तो पुन्हा गंगेत ढकलत होती. चुनारचा पिवळसर दगड गाळातून एकेक पायरी करून वर येत होता. नाना जिथे बसून वही लिहीत ती जागाही आदल्याच दिवशी उघडी पडलेली. पायऱ्यांच्या कडेला एक ओबडधोबड दगड, बसायला सोयीचा, थोडा गुळगुळीत. त्यावर रुमाल टाकून नाना बसले की कचेरी सुरू.

पण गुण काही मिळेनात. पेशव्यांच्या बांधकामाची हीच तऱ्हा. दगड चांगला, पायरी भक्कम, भिंत अशी की तोफ लाजावी, आणि नक्षी मात्र हात राखून. राजा मानसिंहाच्या मानमंदिर घाटावरचा तो दगडी झरोका बघा. वेलबुट्टी कोरता कोरता कारागिराला थांबवायला कोणी नव्हतं असं वाटतं. आपल्या घाटांवर कारकून उभा असावा. ‘इथे हत्ती कशाला? पायरी करा, चार माणसं चढतील.’ हे माझं मत नानांना पटलं नाही, पण दिवसअखेर त्यांच्या वहीत बाळाजी घाटाच्या नावापुढे शून्य होतं, तेही पेशव्यांकडे बघून त्यांनी अगदी बारीक काढलेलं.

या घाटाला गुण द्यायचे तर दुसऱ्याच खात्यात द्यायला लागतील. वरच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ लहानपणी सनईचा रियाज करायचे. डुमरावहून मामांकडे काशीला आलेला पोरगा. मामा देवळात सनई वाजवायचे, भाचा त्यांच्या मागोमाग. पुढे १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर वाजवली, २००१ मध्ये भारतरत्न झाले, जग फिरले, आणि राहायला मात्र काशी सोडून कुठे जायला तयार नव्हते. मी वर जाऊन देवळाच्या भिंतीला पाठ लावून पाच-दहा मिनिटं नुसता बसलो. खालून पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता. एवढा श्वास या पायऱ्या चढून उरत असेल तर फुप्फुस कसं असेल, असा एक अत्यंत अरसिक विचार मनात आला. नाना खालून ओरडले, ‘‘काही सापडलं का?’’

‘‘सनई!’’

‘‘सनईला गुण नाहीत!’’

पंचगंगेवर नानांना एकदम उकळी फुटली. नावाड्याने वरच्या मशिदीकडे बोट करून सांगितलं, ‘‘ऊ माधवराव का धरहरा हौ, बाबूजी.’’ नानांचे डोळे भरून आले. थोरले माधवराव! इथपर्यंत! त्यांनी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मग गुरुजींनी हळूच सांगितलं की हा माधव म्हणजे बिंदुमाधव, साक्षात विष्णू. त्याचं इथलं जुनं भव्य मंदिर औरंगजेबाच्या काळात पडलं, त्या जागी मशीद झाली आणि तिच्या दोन उंच मिनारांना लोक देवाच्या नावाने माधवरावाचा धरहरा म्हणत राहिले. काशीचा नकाशा काढणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने एकोणिसाव्या शतकात त्या मिनारांची डागडुजी केली होती. आता मिनार नाहीत, नाव तेवढं आहे. नानांनी ग्रुपवरचा फोटो पुसला, पण तोवर चौदा जणांनी हात जोडले होते आणि एका आतेभावाने ‘अभिमान वाटतो’ लिहिलं होतं. नानांचं सांत्वन शेवटी बिंदुमाधवाच्या सध्याच्या देवळाने केलं. ते औंधच्या पंतप्रतिनिधींचं.

खरा शोध गल्ल्यांत सुरू झाला. तिथे एक अडचण आहे, जी कुठल्याही वहीत लिहिलेली नसते. दगडी प्राणी वर असतात. तोड्यांवर, सज्जांखाली, चौकटीच्या माथ्यावर. त्यांच्यासाठी मान वर करावी तर पायाखाली शेण. पायाकडे बघावं तर वर माकड. सरळ समोर बघावं तर सांड, आणि गल्लीची रुंदी सांडाच्या मापाने बेतलेली. काशीत ज्या चार गोष्टींपासून जपून राहायला जुनी माणसं सांगतात, त्यांत सांड आणि पायऱ्या आहेत. या दोघांची एकत्र गाठ पडली तर काय करायचं ते मात्र सांगत नाहीत. पंचगंगेच्या वरच्या उतारावर आमची ती पडली. सांड वर येत होता, आम्ही खाली. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. आम्ही एका पानवाल्याच्या फळीवर चढून उभे राहिलो. पानवाला पाय दुमडून आम्हाला जागा करून देत म्हणाला, ‘‘आइए गुरु, बइठा.’’ फळीवर चढल्यामुळे समोरच्या वाड्याचा तोडा डोळ्यांच्या रेषेत आला आणि त्यावर एक सिंह दिसला. आमचा काशीतला पहिला गुण.

सिंह होता मजेशीर. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिलेला नसावा, मांजर मात्र रोज. गोल तोंड, मिशा आणि चेहऱ्यावर ‘दूध संपलं का?’ असा भाव. त्याच्या उघड्या जबड्यातून विजेची एक काळी वायर आत जाऊन मानेमागून बाहेर पडली होती आणि पुढच्या पंजावर मीटरची पेटी ठोकलेली. तो बिचारा तोंडात वायर धरून घराचं वीजबिल सांभाळत होता.

चौखंब्याकडे जाताना मासे लागले. दरवाजाच्या चौकटीवर समोरासमोर दोन मासे, शेपट्या वर. हे अवधच्या नवाबांचं चिन्ह. १७७५ मध्ये काशी ईस्ट इंडिया कंपनीकडे जाईपर्यंत वरचे धनी तेच होते. धनी गेले, मासे राहिले. एकाच चौकटीवर बाजूला मासे आणि मधोमध गणपती, असा शेजार मी दोन ठिकाणी पाहिला. नानांनी दोन माशांचे सहा गुण लावले. मी म्हटलं जोडी एकच धरायची. यावर जो वाद झाला तो ऐकून वरच्या खिडकीतून एक आजी डोकावल्या आणि आम्ही घराच्या वाटणीसाठी आलोय की काय, असं त्यांनी विचारलं.

तेवढ्या वेळात नातीने कीर्तिमुख शोधलं. आम्ही दोघं वर बघून भांडत होतो. तिची उंची चार फूट, त्यामुळे आमच्या मांडीपाशी जे जग आहे ते सगळं तिच्या मालकीचं. एका लहानशा देवळीच्या खाली, शेंदराच्या थरात बुडालेलं, बटाट्याएवढं तोंड. दोन गरगरीत डोळे, नाक बसकं, खालचा जबडा नाहीच.

‘‘याला बॉडी का नाही?’’ तिने विचारलं.

नानांनी गोष्ट सांगितली आणि ती त्यांनी फार छान सांगितली, हे साडू असूनही कबूल करतो. शंकराच्या कपाळातून एक भुकेला राक्षस निघाला. ज्याला खायला तो निघाला होता त्या राहूला अभय मिळालं. मग आता मी काय खाऊ? शंकर म्हणाले, स्वतःला खा. त्याने पायापासून सुरुवात केली आणि खात खात तोंडापर्यंत आला. शंकर इतके खूश झाले की म्हणाले, तू माझ्या दारावर राहा, आधी लोक तुला बघतील.

नात विचार करून म्हणाली, ‘‘म्हणजे त्याने जेवण टाकलं नाही.’’

पाच गुण तिच्या खात्यात गेले आणि तिथून आमचा ऱ्हास सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठाने दक्षिणेकडे निघालो. राम घाट, मग नागपूरकरांचा भोसले घाट, मग शिंद्यांचा. काशीचा हा पट्टा चालताना पेशवाईची खातेवही उलगडल्यासारखी वाटते. ग्वाल्हेर, नागपूर, इंदूर, सगळे ओळीने हजर, फक्त इथे एकमेकांवर चालून जात नाहीत. शिंदे घाटावर रत्नेश्वर महादेवाचं ते कललेलं देऊळ आहे. पिसाचा मनोरा चारेक अंश कलला तर जग तिकिटं काढून बघायला जातं. हे देऊळ साधारण नऊ अंश कललंय आणि वर्षातले बरेच महिने गाभाऱ्यात गंगा आणि गाळ घेऊन उभं आहे. कोणीतरी आईसाठी बांधलं आणि ‘फिटले पांग’ म्हणाला, त्या शब्दासरशी कललं, अशी कथा. नानांनी फोटो काढला. त्यांच्या नव्या फोनला सगळं आपोआप सरळ करण्याची खोड आहे. त्याने देऊळ ओळंब्यात आणलं आणि गंगा उताराला लावली. त्या फोटोत नावा घरंगळून राजघाटाकडे चालल्या आहेत.

मणिकर्णिकेवर नानांनी वही न बोलता खिशात घातली. आम्ही कोणीच तिथे वर बघितलं नाही.

ललिता घाटावरच्या नेपाळी देवळात ती पुन्हा निघाली आणि तिथे आमची फजिती झाली. नेपाळचे राजे राणा बहादूर शाह काशीला येऊन राहिले होते, त्यांच्या कल्पनेतलं हे देऊळ. बरंचसं काम लाकडाचं, दगडी शहरात एकदम वेगळं. तिरप्या टेकूंवर कोरीवकाम इतकं बारीक की नाना हरखून पुढे गेले, चष्मा वर केला, आणि मग एकदम वळून घंटेचं निरीक्षण करू लागले. टेकूंवर जे होतं त्याला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

‘‘आबा, ही माणसं काय करतायत?’’

‘‘व्यायाम,’’ नाना म्हणाले. ‘‘चला, लाकूड धरायचं नाही. नियम दगडाचा आहे.’’

शेजारचं विश्वनाथ धाम २०२१ च्या डिसेंबरात खुलं झालं. सगळं नवं, लखलखीत आणि ऐसपैस. तिथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्यांच्यापुढे नानांनी वाकून नमस्कार केला. नात मात्र हिरमुसली. एवढ्या मोठ्या अंगणात तिला एकही फुटकं तोंड सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सारनाथला गेलो आणि तिथे तिने आम्हाला धुऊन काढलं. संग्रहालयात अशोकाचे सिंह आहेत, १९०५ च्या उत्खननात मिळालेले. इतका तुकतुकीत दगड की काल कोणीतरी तूप लावून पुसला असावा. पाठीला पाठ लावून चार सिंह, खाली हत्ती, घोडा, बैल आणि आणखी एक सिंह. बनारसच्या त्या वायर चावणाऱ्या मांजरानंतर हे सिंह बघणं म्हणजे गल्लीतल्या बँडनंतर एकदम भीमसेन. आम्ही दोघं बराच वेळ गप्प उभे होतो. नातही गप्प होती, पण ती हिशेब करत होती. बाहेर आल्यावर तिने आजोबांकडे पाण्याच्या बाटलीसाठी पैसे मागितले. नानांनी दहाचं नाणं काढलं. तिने ते उलटं करून पाहिलं.

‘‘आबा, हे तेच सिंह.’’

‘‘हो, शाबास! आपलं राष्ट्रचिन्ह.’’

‘‘तीन दिसतात, चौथा मागे आहे. चार गुण.’’

नाना म्हणाले, नाणं धरायचं नाही. ती म्हणाली, नियमात जिवंत धरायचं नाही, रंगवलेलं धरायचं नाही आणि नंदी धरायचा नाही. हे जिवंत आहे का? रंगवलंय का? लाकूड धरायचं नाही हा नियम आबांनी खेळ सुरू झाल्यावर केला, म्हणून तो बाद. मी नातीच्या बाजूने मत दिलं. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडे चलन नाकारायला तोंड नसतं. मग तिने विचारलं, ‘‘तुमच्या पाकिटात अजून किती आहेत?’’

त्या क्षणापासून नानांनी रोख व्यवहार बंद केला. रिक्षा, कचोरी, मलइयो, फुलं, सगळं फोनवरून. काळभैरवाच्या दारात काळा गंडा घेतला तोही कोड स्कॅन करून. मलइयोच्या कुल्हडावरचा केशरी फेस जिभेवर ठेवताच विरून जातो, तो खातानाही त्यांचा एक हात खिशावर होता. नोटांवरही सिंह असतात हे तिला रात्री कळलं. तिच्या आजीने पर्स उघडून दिली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बाळाजी घाटावर आलो. कार्तिक चालू होता. पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना टोपल्या बांधून आकाशदिवे चढवत होते. दोरी ओढली की टोपली डुलत वर जायची आणि अंधारात एक ठिपका लुकलुकत राही. बायका साडीच्या पिशव्या सांभाळत वरच्या पायरीवर बसल्या. नाना आपल्या दगडावर रुमाल टाकून बसले आणि बेरीज वाचली. नाना एक्केचाळीस, मी सदतीस, नात दोनशे बारा.

‘‘आणि बाळाजी घाट?’’ मी विचारलं.

‘‘शून्य,’’ नाना कष्टाने म्हणाले.

नात त्यांच्या पायाशी बसली होती. तिने टॉर्च लावला आणि म्हणाली, ‘‘आबा, जरा उठा.’’

नाना उठले. चार दिवसांत वरचा गाळ त्यांच्या बैठकीने आणि खालचा पाइपच्या पाण्याने गेला होता. दगडाच्या बाजूला एक डोळा होता. बदामासारखा, व्यवस्थित कोरलेला, पापणीसकट. त्याच्यापुढे वळणदार काहीतरी निघालं होतं आणि विताच्या अंतरावर तुटलं होतं. सोंड असेल तर हत्ती. सोंडेखाली दात असतील तर मकर, गंगेचं वाहन, कुठल्यातरी जुन्या देवळाचं पाणी याच्या तोंडातून पडत असणार. दोन की दहा? नानांनी गुडघे टेकले, चष्मा काढला, बोटाने गाळ उकरला. ‘‘दात आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘हा टवका आहे,’’ मी म्हणालो. ‘‘मी शोधलाय,’’ नात म्हणाली. ‘‘मी चार दिवस त्याच्यावर बसलोय!’’ नाना म्हणाले. त्यांच्या बायकोने वरून सांगितलं की बसण्याला गुण नसतात, नाहीतर तुम्ही कधीच जिंकला असता.

शेवटी चहावाल्याला विचारायचं ठरलं. तो इथलाच, रोज बघणारा. नानांनी त्याला हाताला धरून आणलं, टॉर्चचा झोत डोळ्यावर धरला आणि शुद्ध हिंदीत विचारलं की हे नेमकं काय आहे.

त्याने वाकून पाहिलं. मग नानांकडे पाहिलं, कीव आल्यासारखं.

‘‘ई? ई त कपड़ा फींचे वाला पत्थर हौ, बाबूजी.’’